आटपाट नगरातलं इंग्रजी

चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं आणि कावळा कुडकुडत चिमणीच्या दाराशी आला. पुढचं मराठी घरात कुणाला सांगायला नको. कावळा दार उघड म्हणतो आणि आतून चिऊताई म्हणते, थांब, बाळाला अंघोळ घालते. मग थांब, बाळाचं अंग पुसते. मग काजळ घालते, मग भरवते, मग निजवते. सांगणाऱ्या आजीला किंवा ऐकणाऱ्या नातवाला झोप लागेपर्यंत ही यादी कितीही ताणता येते.

आता चिऊताईला इंग्रजी बोलू द्या. 'वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी.' 'वेट, आय ॲम फीडिंग माय बेबी.' मराठीत ती 'घालते', 'भरवते' म्हणते. क्रिया या घटकेला चालू असली तरी मराठीला साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीला चालत नाही, तिथे 'आय ॲम' आणि मागे 'इंग' लागतंच. मराठी माध्यमाची मुलं इथे हटकून अडखळतात आणि व्याकरणाचा नियम पाठ करूनही पुढे कित्येक वर्षं अडखळत राहतात. चिमणी तेच वाक्य एका बैठकीत आठ वेळा म्हणून दाखवते, आणि प्रत्येक वेळी फक्त एकच शब्द बदलते. कावळा बाहेर भिजतोय म्हणून ऐकणाऱ्याचा जीव वर-खाली होत असतो, त्यामुळे कंटाळा येत नाही. भोपळ्यात बसणारी म्हातारी अशीच भविष्यकाळाची मास्तरीण आहे. वाघाला ती सांगते की लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. चार क्रियापदं, त्यांतली पहिली तीन 'आय विल'ची आणि शेवटची आज्ञार्थी. वाटेत भेटेल त्या प्राण्याला ती हेच ऐकवते. एवढा चोख सराव पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायातही क्वचित मिळतो.

लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना इथल्याच लोककथा वापराव्यात, ही सूचना ऐकली की बरेच जण ती संस्कृतिरक्षणाच्या खात्यावर टाकतात. मला त्यात संस्कृतीपेक्षा सोय जास्त दिसते. तिसरीतलं मूल इंग्रजी पानाशी बसतं तेव्हा त्याच्यासमोर दोन अनोळखी गोष्टी असतात. भाषा अनोळखी, आणि पानात चाललंय तेही अनोळखी. बाजारात मिळणाऱ्या रंगीत इंग्रजी पुस्तकांत बर्फाचा माणूस असतो, भिंतीतली शेकोटी असते, मफिन असतं. पाथर्डीच्या पोराला 'स्नोमॅन' हा शब्द कळेना, तर चूक शब्दाची की बर्फाची, हे त्याला तरी कसं कळावं? ओळखीची गोष्ट यातली एक अडचण काढून घेते. मग उरते फक्त भाषा, आणि शिकायची होती ती तीच.

हे पाथर्डी ज्या नगर जिल्ह्यात आहे, त्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी एसटीच्या रांगेत अजून 'नगर'च चालतं, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. या नगरचं इंग्रजीशी नातं जुनं आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली इथे आलं. त्या मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी इथे मुलींना शिकवलं आणि त्यांच्याकडेच सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घेऊन गेल्या. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका असं सांगणाऱ्या कविताही आहेत. (नगरात लिहिलेलं सर्वांत गाजलेलं इंग्रजी पुस्तक मात्र शाळेत नव्हे, तुरुंगात झालं. 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नेहरूंनी १९४४ साली भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं.) सरकारी मराठी शाळेत मात्र इंग्रजी बराच काळ पाचवीला भेटायचं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालच्या जूनपासून ते पहिलीत आलं. वाद पुष्कळ झाला. त्या वादात पहिलीतल्या मुलानं इंग्रजीत नेमकं काय वाचायचं, हा प्रश्न मागेच राहिला.

ओळखीच्या मजकुराचा फरक किती पडतो, याचा एक सुरेख प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेत झाला, पण करणाऱ्या तिघांत एक नाव मराठी आहे. मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी दोन पत्रं तयार केली, दोन्ही इंग्रजीत. एकात अमेरिकन लग्नाचं वर्णन, दुसऱ्यात भारतीय लग्नाचं. ती तिथल्या भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दिली. दोन्ही गटांनी आपापल्या लग्नाचं पत्र भरभर वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. खरी गंमत चुकांमध्ये होती. अमेरिकन नवरीनं आपल्या आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिथे ती मानाची, हळवी गोष्ट. एका भारतीय वाचकाला त्यातून एवढंच उमगलं की नवरीचे कपडे जुनाट होते. भाषा त्याला येत होती, शब्द अन् शब्द कळला होता, तरी अर्थ उलटा लागला. त्याच्याही पुष्कळ आधी केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली होती. ती पुन्हा सांगताना वाचकांनी तिची पार इंग्रजी गोष्ट करून टाकली. होडग्याची नाव झाली आणि न समजलेला भाग गळून गेला. मोठ्या, शिकल्यासवरल्या माणसांचं हे होतं. आठ वर्षांच्या मुलाकडून आपण कोणती अपेक्षा धरतो?

दख्खनच्या लोककथा इंग्रजीत नेण्याचं काम नवं नाही. १८६८ साली लंडनहून 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचं पुस्तक निघालं. पुस्तकावर नाव मेरी फ्रिअर यांचं. त्यांचे वडील बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर होते. वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना मेरीला तिच्या आयेनं, ॲना लिबेराता डिसूझा यांनी गोष्टी सांगितल्या. ॲनाला त्या तिच्या आजीकडून मिळालेल्या. पुस्तकात अशा चोवीस गोष्टी आहेत, आणि ॲनानं सांगितलेली स्वतःची हकिगतही आहे. मला यातला एक तपशील फार मोलाचा वाटतो. ॲनानं या गोष्टी इंग्रजीत सांगितल्या. म्हणजे इथल्या कथा इंग्रजीत नेणारी पहिली व्यक्ती गव्हर्नरची मुलगी नव्हे. दुसऱ्याच्या घरी काम करता करता इंग्रजी उचललेली आया ती. मेरी टिपणं घ्यायची, त्यावरून गोष्ट लिहून काढायची आणि ॲनाला वाचून दाखवायची; सगळं जसंच्या तसं उतरलंय ना, हे तपासून घ्यायला.

पुढे १९१४ साली चार्ल्स किंकेड या सनदी अधिकाऱ्यानं आपल्या व्रतांच्या कहाण्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' नावानं इंग्रजीत आणल्या. चित्रं महादेव विश्वनाथ धुरंधरांची. रविवार ते शनिवार प्रत्येक वाराची कहाणी त्यात आहे. राजाच्या हुकमानं गावानं घागरीच्या घागरी दूध ओतूनही न भरलेला महादेवाचा गाभारा म्हाताऱ्या बाईच्या खुलभर दुधानं भरतो, ती सोमवारचीही आहे. पण किंकेडसाहेबांची एक गंमत झाली. आपली कहाणी आटपाट नगरापासून सुरू होते. आटपाट म्हणजे ऐसपैस, मोठं. साहेबांनी 'आटपाट' हे गावाचं नाव करून टाकलं. चूक म्हणावी तर चूक, पण मला ती आवडते. इंग्रज मुलाच्या डोक्यात कुठेतरी आटपाट नावाचं एक खरंखुरं गाव वसलं असणार, आणि त्या गावात रोज एक गरीब ब्राह्मण राहायला येत असणार.

या दोन पुस्तकांचं इंग्रजी आजच्या मुलाला देण्यासारखं नाही. वाक्यं लांब, शब्द जुने, आणि साहेबांच्या मुलांसाठी बेतलेली. आपल्याला गोष्ट पुन्हा, लहान करून सांगायला हवी. कहाणीला त्याचं वावडं नाही. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत संपवल्याचं ती शेवटी स्वतःच कबूल करते.

प्रयोग म्हणून नगरच्याच अकोले तालुक्यातली एक गोष्ट घेऊ. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. कळसू ही रानात रमणारी कोळ्याची पोर. डोंगराच्या पायथ्याला एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. काही दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस घरच्यांनी तिला नेमकी तीच दोन कामं सांगितली. तिनं ती केली, आणि डोंगर चढून जी गेली ती मरेपर्यंत खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. लोककथेचा तो हक्कच आहे.

आता ही इंग्रजीत, अगदी नवशिक्या वाचकासाठी:

'कळसू लिव्ह्ड इन द हिल्स. शी केम टू अ हाउस. शी सेड, आय विल वर्क. आय विल नॉट वॉश पॉट्स. आय विल नॉट स्वीप. द पीपल सेड, ऑल राइट. कळसू वर्क्ड. वन डे दे सेड, कळसू, वॉश द पॉट्स. कळसू, स्वीप द फ्लोअर. कळसू वॉश्ड द पॉट्स. शी स्वेप्ट द फ्लोअर. देन शी वेंट अप द हिल. शी डिड नॉट कम डाउन.'

बासष्ट शब्द झाले. एकाच शब्दाची रूपं एकत्र धरली तर वेगवेगळे शब्द भरतात फक्त तीस. 'वॉश', 'पॉट', 'स्वीप' ही मंडळी तीन-तीनदा येऊन जातात: अटीत, हुकमात आणि कृतीत. आधी भविष्यकाळाचा नकार, मग आज्ञार्थ, मग भूतकाळ. हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही. गोष्टीची मांडणीच तशी आहे, कारण तोंडी गोष्ट ऐकणाऱ्याच्या लक्षात राहावी म्हणून घडलेली असते, आणि लक्षात राहायला पुनरावृत्ती लागते. नवी भाषा शिकणाऱ्यालाही तीच लागते. दुसऱ्याच्या मदतीशिवाय गोष्ट सुखानं वाचायची तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, असं पॉल नेशन आणि मार्सेला हू यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं. पन्नास शब्दांत एकच अडलेला. नवशिक्या मुलाला हे प्रमाण गाठणं अवघडच. पण कळसूची गोष्ट आधी मराठीत ऐकलेली असेल तर 'स्वीप' अडला तरी मूल अडत नाही. भांड्यांनंतर केर येणार, हे त्याला ठाऊक असतं.

काय हरवलं, तेही सांगायला हवं. 'घासणं' गेलं. राख, चोथा आणि मनगटाचा जोर 'वॉश'मध्ये नाही. 'स्क्रब' हा शब्द आहे, पण तो पुढच्या इयत्तेला. भाकरी, तूप, जातं, उखळ यांचं काय करायचं, यावर शिक्षकांत वाद होतात. माझं मत सरळ आहे: भाकरी भाकरीच राहू द्या. 'ब्रेड' म्हटलं की मुलाच्या डोळ्यांपुढे बेकरीचा पाव येतो आणि गोष्ट बिघडते. इंग्रजी ही काही सोवळ्यातली भाषा नाही. पैजामा आणि चटणी तिनं आपल्याकडूनच नेली.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. गोष्ट ओळखीची असेल तर मूल वाचणारच नाही. पानाकडे बघत पाठ केलेलं म्हणेल आणि गुरुजी खूश होतील. वर्गात हे घडतं. त्यावर एक सोपी खोडी करता येते: ओळखीच्या गोष्टीत एक शब्द चुकीचा घालायचा. कावळ्याचं घर मेणाचं आणि चिमणीचं शेणाचं करून टाका. जे मूल खरंच वाचतंय ते किंचाळून उठतं. पाठ म्हणणारं तसंच पुढे जातं. दुसऱ्या दिवशी चूक घालायचं काम मुलांकडेच द्यावं; मग त्यांना एक शब्द बदलण्यासाठी अख्खं पान नीट वाचावं लागतं.

दुसरा आक्षेप असा की लोककथांत सगळंच गोड नसतं. सासवा छळतात, राजे नावडतीला घराबाहेर काढतात, जातीपातीचे टोमणे असतात. निवड करावी लागणारच. पण निवडताना सगळे काटे काढून गुळगुळीत बोधकथा करायची सवय आपल्याला आहे, तिचा मला राग येतो. कळसूच्या गोष्टीतून 'श्रमाचं महत्त्व' काढायला बसलं तर गोष्ट मेलीच. कबूल केलेलं मोडलं म्हणून ती निघून गेली. मुलांना हे बरोबर कळतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी नगरला आणखी एक खजिना आहे: खऱ्या आणि सांगोवांगीच्या गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत. शहराबाहेर डोंगरावर आठ कोनी, मजलेदार इमारत दिसते. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. ती आहे निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर. सहावी-सातवीसाठी तीन वाक्यं पुरतात: 'पीपल कॉल इट चांदबीबीज पॅलेस. इट इज नॉट अ पॅलेस. इट इज अ टूम.' तिसऱ्या वाक्यातल्या शेवटच्या शब्दातला 'बी' लिहायचा पण उच्चारायचा नाही, हे मुलांना त्या इमारतीमुळे आयुष्यभर लक्षात राहील. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार का भरतो, शनिशिंगणापूरच्या घरांना दारं का नाहीत, नेवाशाच्या त्या खांबाशी ज्ञानेश्वरांनी काय केलं. 'व्हाय' विचारायला शिकवायचं तर प्रश्न इथे रस्त्यावर पडलेत.

अक्षरओळखीचंही तसंच. गावांची नावं मुलाला पाठ असतात आणि ती एसटीच्या पाट्यांवर, मैलाच्या दगडांवर रोमन लिपीतही दिसतात. उत्तर आधी माहीत असलेलं कोडं सोडवताना धीर येतो. त्यातच मुलाला एक शोध लागतो: 'कळसू' इंग्रजीत लिहिलं की ळ नाहीसा होतो. के, ए, एल, एस, यू. या लिपीत आपला ळ मावत नाही, हे एकदा कळलं की स्पेलिंग आणि उच्चार एक नसतात हा इंग्रजीचा सगळ्यात छळणारा धडा आपल्याच मुलखातल्या नावावर शिकून होतो.

मात्र चार लोककथांची चार पुस्तकं कपाटात ठेवून काम संपत नाही. १९८० च्या सुमाराला वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची प्रत्येकी अडीचशे पुस्तकं दिली. आठ महिन्यांत त्या मुलांची वाचनातली प्रगती नेहमीच्या पद्धतीनं शिकणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट भरली. ती पुस्तकं काही फिजीच्या लोककथा नव्हत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. गोष्टी भरपूर हव्यात, हे फिजीनं दाखवलं; सुरुवात ओळखीच्यांनी करावी, हे लग्नाच्या पत्रांनी. पुस्तकांची संख्या वाढवायला आता एक रस्ता आहे. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे २०१५ पासून सुरू असलेलं भांडार मुक्त परवान्यावर चालतं. त्यातली गोष्ट कुणीही उतरवून घ्यावी, भाषांतर करावं, छापावी. वाचनाच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत. मराठी आणि इंग्रजी रूपं शेजारी ठेवता येतात.

तरी कळसूची, मढीची, गावच्या ओढ्याची गोष्ट त्यात आयती मिळेलच असं नाही. ती घरून आणावी लागते, आणि या जिल्ह्यात तिचा साठा कुठे आहे ते सांगता येतं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जी मुलं शाळेसाठी मागे राहतात ती बहुतेक आजी-आजोबांजवळ. लांब रात्री, घरात एक म्हातारं माणूस आणि दोन नातवंडं. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेनं माओरी मुलांच्या तोंडचेच शब्द घेऊन त्यांची वाचनाची पुस्तकं बनवली होती. १९६३ च्या 'टीचर' या पुस्तकात तिनं ते सगळं लिहिलंय. इथे तेच दोन भाषांत करता येईल. मुलानं गोष्ट मराठीत सांगायची, वर्गानं मिळून तिची सोपी इंग्रजी वाक्यं करायची, बाईंनी फळ्यावर लिहायची, मुलांनी वहीत उतरवून चित्रं काढायची.

आणि मग ॲनाची पद्धत. वही घरी न्यायची, ज्यांनी सांगितली त्यांना वाचून दाखवायची. अकोल्याच्या एखाद्या वाडीवरची आजी इंग्रजी ऐकते आहे असं समजा. तिला त्यातलं 'कळसू' तेवढं कळतं. नात एकेक वाक्य वाचते आणि मराठीत अर्थ सांगते. आजी मान डोलावत ऐकते, शेवटी म्हणते, "आगं पण थाळेमेळ कुठं हाय त्यात? भांडी कुठं घासली ते सांगायला नको व्हय?" नात वही उघडते, 'वॉश्ड द पॉट्स'च्या पुढे रेघ मारून बाणानं जागा करते आणि लिहिते: 'दॅट प्लेस इज कॉल्ड थाळेमेळ.' मग ळसाठी अडते, पेन्सिल चावते, आणि एल लिहून खाली एक टिंब देते.